खरे लिहिले, मग दाखवायचे कशाला?

आमच्याकडे रविवारी घरी फोन करायला मिळतो. मागे रांग उभी असते, त्यामुळे बोलणे ठरलेले. "कसा आहेस?" "ठीक." "जेवतोस ना?" "हो." सातवीत असताना एका रविवारी आईने विचारले, "पोहणे कसे चालले आहे?" मी म्हणालो, "मस्त." त्याच आठवड्यात मी तीन मीटरच्या बोर्डवर चढलो होतो आणि खाली पाहून साऱ्या सेक्शनसमोर शिडीने परत उतरलो होतो. नऊ पायऱ्या. चढताना मोजल्या नव्हत्या, उतरताना मोजल्या.

हे मी कोणाला सांगितले नाही. सैनिकी शाळेत 'घाबरलो' हा शब्द सहसा कोणी उच्चारत नाही.

त्या उन्हाळ्यात साताऱ्याला आजीकडे 'श्यामची आई' वाचले. त्यात श्याम पोहायला जायच्या भीतीने घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मार देते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, एवढेच तिला हवे असते. मी ते पान दोनदा वाचले. श्याम म्हणजे स्वतः साने गुरुजी, हे आजीने सांगितले. गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. तेव्हा ते 33 वर्षांचे होते. देशासाठी तुरुंगात जायला न घाबरलेला माणूस लहानपणी आपण विहिरीला घाबरत होतो हे लिहितो, आणि 1935 साली ते छापूनही येते! मला तर शिडीची गोष्ट आईलाही सांगवत नव्हती.

लिहिण्याचा फायदा लिहिणाऱ्याला होतो, याचा प्रयोगही झाला आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी तो 1986 साली प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस रोज 15 मिनिटे लिहायला बसवले. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला दुःखद प्रसंग. ज्यांनी प्रसंग आणि त्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांना लिहून झाल्यावर आधी वाईटच वाटले. पण पुढच्या काही महिन्यांत ते दवाखान्यात कमी वेळा गेले. हा फायदा मिळवायला लिहिलेले चारचौघांना वाचून दाखवावे लागले नव्हते. मग वही कप्प्यात ठेवून कुलूप लावले तर काय बिघडले?

माझ्या मते लिहिणे आपल्यासाठी असते, दाखवणे दुसऱ्यासाठी. गुरुजींनी वही मिटून ठेवली असती तर त्यांचे मन हलके झालेच असते, पण माझे झाले नसते. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित काढत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना काय वाचायला लागते, हे त्यांना ठाऊक असणार.

पण सगळेच दाखवू नये. सुट्टीत मोबाईल हातात आला की 'आज खूप वाईट वाटतंय' असे स्टेटस मीही टाकले आहे. त्याला रडक्या चेहऱ्यांची पाच चित्रे आली आणि संध्याकाळी मीच ते काढून टाकले. त्यात काय झाले, कुठे झाले, मी काय केले, यातले काहीच नव्हते, मग वाचणाऱ्याने धरायचे तरी काय? शिवाय लिहिताना आपली चूक लिहावी, मित्राचे गुपित नव्हे. इंटरनेटवर गेलेले पान कोणीतरी साठवून ठेवले की ते परत घेता येत नाही, आणि गुपित तर आपले नव्हतेच.

यंदा हाऊसच्या भित्तिपत्रकासाठी मी शिडीची गोष्ट लिहिली. इथे जयपूरला सगळ्यांना वाचता यावी म्हणून हिंदीत. फोनवरचे खोटेही लिहिले. बोर्डवर कागद लावताना हात थरथरत होते. दोन दिवस काही जण मला 'नौ सीढ़ी' म्हणून हाक मारत होते. खोटे कशाला सांगू, लागले मनाला. मात्र आईला आधी फोनवर सांगितले होते. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं रे, तू 'मस्त' कधी म्हणत नाहीस."

तिसऱ्या दिवशी प्रेपनंतर सहावीचा एक मुलगा माझ्या पलंगाजवळ येऊन उभा राहिला. त्याला अजून पाण्यात तोंड बुडवता येत नाही, हे मला माहीत होते. बराच वेळ तो बुटाचे टोक फरशीवर घासत राहिला. मग हळूच त्याने विचारले, "भैया, उतरते समय सब लोग हँसे थे क्या?"

मी त्याला बसायला सांगितले. लाइट्स आउटला अजून वीस मिनिटे होती.