वाफसा, मुरूम आणि सायकल : लातूर-नांदेडच्या डोंगराळ पट्ट्यातील एक दुर्लक्षित वाट

लातूर जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे बालाघाटच्या पठारावर वसलेला असून त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारणतः ५४० ते ६३८ मीटर आहे. सह्याद्रीच्या हरिश्चंद्र रांगेपासून आग्नेयेकडे निघालेली बालाघाटची ही शाखा अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव ओलांडून लातूरमध्ये पसरते आणि पुढे मन्याड, तिरू, लेंडी या नद्यांच्या खोऱ्यांतून नांदेड जिल्ह्यात उतरते. गोदावरी ओलांडली की भूमी पुन्हा चढू लागते आणि किनवट-माहूरच्या सागवानी डोंगरांत शिरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हेच लातूर, त्यामुळे हा सारा मुलूख उघडाबोडका आणि सपाट असल्याचा समज बाहेर दृढ झाला आहे. तो वर्षातील काही महिन्यांपुरता खराही आहे, परंतु श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत या भागात फिरणाऱ्याला तो टिकवून धरणे अवघड जाते.

या पट्ट्याचा विचार येथे पर्वतीय सायकलस्वारीच्या, म्हणजे डांबरी सडक सोडून दगडगोट्यांच्या, चढउताराच्या कच्च्या वाटेने सायकल चालविण्याच्या, दृष्टीने केला आहे. हा क्रीडाप्रकार अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७० च्या दशकात आकाराला आला. तेथील तरुण १९३०-४० च्या काळातील जाड टायरांच्या जुन्या, जड सायकली डोंगरावर नेत आणि कच्च्या उतारावरून खाली सोडत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यातच असे आणि पॅडल उलटे दाबले की लागे. एका उतारातच तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि तुंबा उघडून नवे ग्रीस भरल्याशिवाय पुढची फेरी शक्य नसे. याच खटाटोपावरून १९७६ मध्ये सुरू झालेल्या तेथील शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी खास सांगाडा घडविला, पाठोपाठ गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी अशा सायकलींचा व्यवसाय उभा केला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भारतात त्याची ओळख मुख्यतः हिमाचल प्रदेशातील शर्यतींमुळे झाली. महाराष्ट्राचे नाव मात्र अधिककरून सडकेवरील दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये गाजले, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, ती याच परंपरेतली.

खेळ नवा असला तरी कच्च्या वाटेवरची सायकल मराठवाड्याला नवी नाही. दोन्ही बाजूंना कॅन अडकवून वाडीवरून तालुक्याला जाणारा दूधवाला आणि मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलवरून शेजारच्या गावातील शाळा गाठणारी आठवी-नववीची मुलगी ज्या वाटा रोज तुडवतात, त्यांवर परगावचा हौशी सायकलस्वार महागड्या शॉक-अपचे कौतुक करीत जातो, हे नमूद केलेले बरे. या वाटा मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. दोन चाकोऱ्यांमध्ये गवताची पट्टी असलेली गाडीवाट, दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा शिवरस्ता आणि दोन्ही बाजूंच्या शेतांच्या बांधांमध्ये खोलगट झालेली पाणंद. परदेशात लाखो रुपये खर्चून डोंगरात सायकलवाटा कोरल्या जातात. येथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बैलगाड्यांनी त्या आधीच घडवून ठेवल्या आहेत. अडचण वाटेची नसून मातीची आहे.

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणापासून, बनलेली येथील काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की भेगाळते. पावसात भिजलेल्या पाणंदीत सायकल घातली तर पहिल्या काही हातांतच टायरवर मातीचा थर चढतो, त्यावर वाळली काडी आणि गवत चिकटते, थर मडगार्डला आणि मागच्या फाट्याला घासू लागतो आणि अखेर चाक फिरेनासे होते. मग सायकल खांद्यावर घेण्याला पर्याय नसतो आणि चिखलाने माखलेली सायकल खांद्यावर फार जड होते. जाड टायर, चांगले गिअर, डिस्क ब्रेक यांपैकी कशाचाही तेथे उपयोग होत नाही. शेतकरी या मातीला ‘वाफसा’ येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी मुरून माती ओलसर पण भुसभुशीत होईपर्यंत, तिफण वा कुळव शेतात घालत नाही. सायकलस्वाराने पाळायचा नियमही हाच आहे. वाफसा नसताना गेलेले चाक स्वतः अडकतेच, शिवाय पाणंदीत खोल चर पाडून जाते आणि पुढच्या पावसाचे पाणी त्याच चरातून शेजारच्या बांधाला लागते. ‘पावसाळी भटकंती’ या नावाखाली जुलैमध्येच मराठवाड्यात सायकली उतरविण्याचा उत्साह म्हणूनच चुकीचा ठरतो.

खरा हंगाम नवरात्र उलटल्यानंतरचा. सोयाबीनची काढणी उरकलेली असते, तूर फुलावर येत असते आणि रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची पेरणी चालू असते. मात्र माती सुकते त्याच सुमारास काटेही सुकून टणक होतात. जमिनीसरपट वाढणाऱ्या वेलीचे सराटे आणि वाटेवर पडलेल्या बाभळीच्या फांद्या टायर सहज भेदतात. कापणीनंतर शेतात उभी राहिलेली सोयाबीनची धसकटे तर ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाहीत. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये गळती बुजविणारे द्रावण घालून या भागात उतरणे शहाणपणाचे. ते शक्य नसल्यास जादा ट्यूब, पंप, पाना आणि सोल्यूशन बाळगावे. चिमट्याने सराटा उपसून काढल्याशिवाय नवी ट्यूब बसवू नये, कारण टायरच्या आतल्या अंगाला राहून गेलेले त्याचे टोक दुसरी ट्यूबही फोडते.

प्रदेशाचे भूशास्त्र सायकलच्या चाकाखाली फार लवकर बदलते. लातूरच्या दक्षिणेस औसा-निलंगा रस्त्याच्या परिसरातील खरोसा येथे साधारण सहाव्या शतकापासूनची लेणी आहेत. ती कोरलेली टेकडी जांभ्याची, म्हणजे लोहयुक्त, सच्छिद्र, तांबड्या खडकाची आहे. उदगीरकडील पठारावरही हा जांभा आढळतो. त्याच्या मुरमाड वाटेत पाणी थांबत नाही, त्यामुळे काळ्या रानात चार दिवस वाट पाहावी लागते तेथे या माळांवर दुसऱ्याच दिवशी सायकल धावू शकते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामावर विजय मिळविला ते उदगीर पठाराच्या या कडेचे मुख्य ठाणे. जवळच देवर्जनचे हत्तीबेट आहे. सपाटीवर सुट्या उभ्या डोंगराला या भागात ‘बेट’ म्हणतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध लढणाऱ्यांचे हे एक केंद्र होते. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असून, वनक्षेत्र एक टक्काही नसलेल्या जिल्ह्यात अशा बेटाचे मोल निराळे सांगायला नको. बेटाच्या पायथ्याशी सायकल ठेवून वर पायी जाणे हेच तेथे उचित, कारण उतारावर ब्रेक लावून घसरत जाणारे चाक पातळ मातीचा थर मुळांसकट खरवडते.

पठार उतरून मुखेड, कंधार, देगलूर या तालुक्यांत आले की बेसाल्टचे आवरण विरळ होत जाते आणि त्याखालचा कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. गोल, हत्तीच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या शिळा आणि त्यांच्या झिजेतून झालेली जाड, वाळूसारखी माती हे या पट्ट्याचे लक्षण. अनुभवी सायकलस्वाराला ही माती विशेष मानवते, कारण ती चिकटत नाही, फक्त वळणावर पुढचे चाक सरकवते. राष्ट्रकूटकालीन कंधारचा खंदकयुक्त भुईकोट आणि त्याच राजवटीशी निगडित जगत्तुंग समुद्र हा तलाव याच वाटेवर आहे. त्यांसाठी एक सबंध दिवस राखून ठेवणे योग्य.

नांदेडपासून पुढे मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग किनवटपर्यंत साथ देतो. वाटेतील सहस्रकुंड येथे पैनगंगा काळ्या खडकांच्या फटींतून अनेक धारांनी कोसळते; तिच्या पलीकडच्या तीरावर यवतमाळ जिल्हा आहे. किनवट-माहूर भागात लातूरपेक्षा पाऊस अधिक, वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर, आणि डोंगरउतारावर सागवान दाट. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजांच्या पाड्या-तांड्यांना जोडणाऱ्या पाऊलवाटा हाच येथील खरा मार्ग. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया अशी शिखरे असलेले माहूर ही दोन ठिकाणे या वाटांनी सांधता येतात. फेब्रुवारीपासून सागाची गळालेली रुंद पाने दगड झाकून टाकतात आणि वणव्याचा धोका सुरू होतो, म्हणून येथील हंगाम जानेवारीअखेर संपला असे समजावे. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय प्रवेशच नाही. सायकल आवाज करीत नाही, हे कारण तेथे चालत नाही. आवाज नसल्यामुळेच अस्वल किंवा रानडुक्कर अगदी समोर येईपर्यंत दोघांनाही कळत नाही.

एका बदलाची नोंद घेणे आवश्यक आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये आणलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्त्यांचे मजबुतीकरण सुरू झाले. शेतमाल बाहेर काढण्यासाठी ते हवेच आणि खेळासाठी शेतकऱ्याची वाट चिखलात ठेवा असे कोणी म्हणू नये. मात्र जेथे दाबलेल्या मुरमाने काम भागते तेथे सिमेंट ओतण्याचा मोह ग्रामपंचायतींनी टाळला, तर बैल, शेळ्या आणि सायकल या तिघांचीही सोय होईल. दोन्ही जिल्ह्यांतील सायकलप्रेमींनी शिवरस्त्यांची गावनिहाय नोंद करून, कोणती वाट पावसानंतर किती दिवसांनी चालू होते हे तेथील शेतकऱ्यांकडून लिहून घेतले, तर शर्यतीच्या फलकापेक्षा ते काम अधिक टिकेल. प्रथमच जाणाऱ्याने नवरात्र आणि दत्तजयंतीची गर्दी टाळून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किनवट ते माहूर हा सुमारे ५० किलोमीटरचा टप्पा निवडावा, दोन जादा ट्यूब सोबत ठेवाव्यात आणि सडक सोडण्यापूर्वी रानातल्या कोणाही माणसाला वाफसा आहे का, एवढे विचारून घ्यावे.