देवमासा मासा का नव्हे?

दिवसाकाठी आपण शेकडो अनुमाने करतो. ती तपासतो मात्र क्वचितच. तपासण्याची एक सोपी रीत श्रोत्यांच्या हाती द्यावी, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. दोन विधाने आणि त्यांतून निघणारे तिसरे, असा हा घाट. ‘सर्व सस्तन प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतात, सर्व देवमासे सस्तन आहेत, म्हणून सर्व देवमासे फुप्फुसांनी श्वास घेतात.’ येथे ‘सस्तन’ हे पद दोन्ही विधानांत आहे, निष्कर्षात नाही. यालाच मध्यपद म्हणतात. लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थाप्रमाणे ते इतर दोन पदांची गाठ घालून देते आणि स्वतः बाजूला होते.

आता हे पाहा : ‘सर्व मासे पाण्यात राहतात; सर्व देवमासे पाण्यात राहतात; म्हणून सर्व देवमासे मासे आहेत.’ नावही तेच सांगते! पण कागदावर जलचरांचे एक मोठे वर्तुळ काढा. त्यात माशांचे एक आणि देवमाशांचे एक, अशी दोन लहान वर्तुळे परस्परांस न शिवताही मावतात. दोन्ही विधाने शाबूत राहिली, निष्कर्ष मात्र कोसळला. वर्तुळांची ही युक्ती ऑयलर या गणितज्ञाने एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत वापरली. ती पत्रे १७६८ पासून प्रसिद्ध होऊ लागली.

तेव्हा रीत अशी : विधाने खरी आणि निष्कर्ष खोटा, असे एक तरी चित्र निघते का पाहावे. निघाले, तर अनुमान फसले. आपल्या नैयायिकांनीही हेच केले. धूर आहे तेथे अग्नी आहे. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच काय? नाही, असे म्हणून ते तापलेल्या लोखंडाचा गोळा पुढे करतात. अग्नी आहे, धूर नाही!

‘काही’ या शब्दापाशी अधिक जपावे. काही शिक्षक कवी आहेत, काही कवी गवई आहेत. एवढ्यावरून एकही शिक्षक गवई ठरत नाही. शिवाय स्पर्धापरीक्षेत ‘सर्व टेबले झाडे आहेत’ असे दिले, तर ते तेवढ्यापुरते मानून चालावे. विधान खरे आहे काय आणि त्यातून निष्कर्ष निघतो काय, हे प्रश्न वेगळे आहेत.

पण ही विद्या परीक्षेपुरतीच नव्हे. ‘लाच घेणाऱ्याजवळ पैसा येतो; अमक्याजवळ पैसा आला; म्हणून त्याने लाच घेतली,’ असे चव्हाट्यावर सर्रास बोलले जाते. हे देवमाशाचेच अनुमान आहे. देवमाशाला मासा म्हटल्याने त्याचे काही बिघडत नाही. माणसाची अब्रू मात्र जाते. तो निर्दोष आहे असे तर्कशास्त्र म्हणत नाही; एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही, इतकेच ते सांगते. पुरावा हवा असेल तर तो शोधावा लागेल.