खाच आणि अंक
रावेर-यावल-जळगाव पट्ट्यातल्या लेवा गणबोलीतली बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटातून सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात घरोघरी पोहोचली. मात्र मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत असल्याने, दळण संपेपर्यंत चालणाऱ्या ओवीला तिथे कात्री अटळ होती. तबकडीच्या खाचेत ध्वनिलहरीचा अखंड आकार कोरलेला असतो, तर सीडीसाठी त्याच लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून अंकांत साठवतात. यास नमुनाकरण म्हणतात. दोन नमुन्यांमधला सूर हरवतो ही समजूत (तबकडीप्रेमींना न रुचले तरी) चुकीची आहे, कारण कानाला ऐकू येणाऱ्या सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतची लहर त्या अंकांतून पुन्हा उभी करता येते. खाच मात्र सुईच्या घर्षणाने झिजत जाते.