भाताला खत वेळेवर, पोरांना पुस्तक कधी?

पावसाळ्याच्या तोंडावर कामोठ्याला एका ओळखीच्या घरी जाणं झालं. कामोठ्याची शेती कधीच गेली, पण या मंडळींचं थोडं भातखाचर खाडीकडच्या दुसऱ्या गावात शिल्लक आहे. जमीन खारवट. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या 'पनवेल' जातींची माहिती दिली, बांधाची उघाडी तपासा म्हणून सांगितलं आणि उठलो. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "साहेब, भाताची जात सांगितलीत. आता या नातीला पुस्तक कुठलं देऊ, तेही सांगा. आठवीत आहे. सारखी मोबाईलमध्ये डोकं घालून बसते."

मी ऐटीत सांगितलं, "मृत्युंजय द्या." आजोबांनी पैसे मोजून आणलं. महिन्याने गेलो तर तो जाडजूड ग्रंथ टेबलावर, आणि त्याला टेकवून मोबाईल उभा केलेला! खूण अकराव्या पानावर होती. पुस्तकात खोट नव्हती, खोट माझ्या शिफारशीत होती. लोंबीच्या वेळचा हप्ता मी राबातच टाकला होता.

भाताला नत्र एकदम देत नाहीत, हे आपण शेतकऱ्यांना दरवर्षी सांगतो. लावणीला थोडं, फुटव्याला थोडं, लोंबी धरताना थोडं. वाचनाचंही तसंच आहे. त्यानंतर मी शिक्षक मित्रांना विचारलं, वाचनालयात बसलो, स्वतः पुन्हा वाचलं. त्यातून निघालेली ही शिफारस पालकांसाठी देत आहे.

आवणाचं वय : दहा ते बारा

या वयात पुस्तक पळालं पाहिजे. उपदेश कमी, गंमत जास्त. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, यासाठी पहिल्या नंबरचा. सायकलवरून सुसाट सुटणारा आणि तोंडाने 'ट्टॉक' करणारा हा पोरगा अजून म्हातारा झालेला नाही. त्याच्यावर २०१७ साली सिनेमाही निघाला. सिनेमा पाहिलेल्या मुलाच्या हातात पुस्तक लवकर टिकतं, हा माझा अनुभव. याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या, त्याही द्याव्यात.

ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आईबापांना दूरदर्शनवरच्या १९९० सालच्या मालिकेमुळे आठवत असेल. आपण आधी वाचून दाखवावं, मग मूल स्वतःहून पुढचं पान उलटतं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्यामचं पालगड दापोली तालुक्यातलं, म्हणजे आपल्या कोकणातलंच. आजच्या मुलांना त्यातलं रडणं जास्त वाटतं, हे खरं आहे. म्हणून सलग वाचायला लावू नका. रोज रात्री एक गोष्ट पुरे.

फुटव्याचं वय : तेरा-चौदा

फुटवे फुटतात तसे या वयात प्रश्न फुटतात. इथे दोन पुस्तकं मी डोळे झाकून सांगतो.

पहिलं 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने आपल्या लहानपणच्या शाळेची हकीकत लिहिली. शाळेचे वर्ग म्हणजे रेल्वेचे जुने डबे. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, त्यात एक दिवस मुख्याध्यापक चक्क एका शेतकऱ्याला शिकवायला बोलावतात. तो संकोचून म्हणतो, मी कुठला मास्तर? मुख्याध्यापक सांगतात, शेतीचे मास्तर तुम्हीच. मग मुलं त्याच्याबरोबर मातीत हात घालतात. नॅशनल बुक ट्रस्टने हे मराठीत आणलं आहे.

दुसरं वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', १९८१ सालचं. ही कादंबरी नव्हे, चरित्र आहे, पण मुलं ते कादंबरीसारखं वाचतात. अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली टस्कगीच्या संस्थेत आला. वर्षानुवर्षं कापूस घेऊन तिथली जमीन थकली होती. भुईमूग, चवळी, रताळी लावा, जमीन सावरेल, असं तो सांगत राहिला. १९०६ पासून संस्थेची घोडागाडी अवजारं घेऊन शेतकऱ्यांच्या दारात जाऊ लागली. आम्ही विस्ताराचं काम करणारे त्याच गाडीचे वारस. शास्त्रज्ञ व्हायला आधी बंगला लागत नाही, हे मुलाला कळण्यासाठी हे पुस्तक घरात असावं.

विज्ञानाची गोडी असेल तर जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' द्या. यंत्रमानवाची ही गोष्ट आज घराघरात चाललेल्या चर्चेला जवळची वाटेल.

लोंबीचं वय : पंधराच्या पुढे

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आकाराने लहान आहे. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. मेंढरांमागे जाणारी पोरं शाळेत येतात, गाव मिळून तालीम बांधतं, आणि मग दुष्काळ पडून वस्ती उठते. डोळ्यांदेखत गाव रिकामं होणं म्हणजे काय, हे कामोठ्याच्या म्हाताऱ्यांना वेगळ्या तऱ्हेने ठाऊक आहे. मुलांनी ते पुस्तक वाचून त्यांच्याजवळ बसावं.

आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) शेतकऱ्याच्या घरातली आहे. कागलचा पोरगा शाळेसाठी बापाशी झगडतो. मार आहे, भूक आहे, म्हणून लहान वयात देऊ नये. पण ज्याला शाळा रिक्षात बसून मिळाली, त्याने ती एकदा वाचावीच. तिला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांची आहे. त्यात प्रेम आहे म्हणून काही पालक ती कपाटात लपवतात. लपवलेलं पुस्तक पोरं वाचतातच, फक्त त्यावर आपल्याशी बोलत नाहीत. लपवू नका, स्वतः वाचा आणि मग द्या.

चार गोष्टी सांभाळा

एक, पुस्तकाला मार्क लावू नका. 'सारांश लिहून दाखव' म्हटलं की पीक करपलंच. दोन, नाही आवडलं तर सोडू द्या, दुसरं द्या. तीन, घरात मोठ्यांच्या हातात मोबाईल आणि मुलाला पुस्तक, हे जमणार नाही. चार, सगळं विकत घ्यायची गरज नाही. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात मुलाचं नाव घाला आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. ते लावलं तर घरात दर महिन्याला नवं वाचायला येतं. सुट्टीत माणगावजवळ वडघरला साने गुरुजी स्मारक दाखवा, किंवा महाबळेश्वरला जाताना भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं आहे.

एक उणीव मात्र बोलून दाखवतो. १९७० नंतर ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. ही हकीकत आगरी पोराच्या नजरेतून, बारा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी, आपल्याकडच्या एखाद्या शिक्षकाने किंवा शिक्षिकेने कादंबरी म्हणून लिहायला घ्यावी. सांगणारी माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत, पण फार दिवस नाहीत.

भात कापणीच्या सुमारास पुन्हा त्या घरी गेलो. नातीला मधल्या काळात 'तोत्तोचान' दिलं होतं. आजोबा म्हणाले, "पोरगी शेतकरी मास्तरापर्यंत पोचली आणि मला विचारते, आबा, आपलं शेत कुठे होतं?" ते तिला घेऊन गेले. तिथे आता सात मजली इमारत आहे. खाली वाहनतळ. आजोबांनी तिला बांध कुठून जायचा, उघाडी कुठे होती, राब कुठे भाजायचे ते पावलं मोजून दाखवलं. पोरीने ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

"पुढचं पुस्तक कुठलं?" तिने मला विचारलं. या वेळी मी घाई केली नाही. आधी विचारलं, "तुला काय आवडलं, ते सांग."