आधी झटका, मग भरा

पावसाळा सरता सरता सह्याद्रीत भटकून आलं की पायमोज्यांत कुसळं रुतलेली असतात, बुटांच्या तळाला लाल माती वाळलेली असते. आपण ती फारशी मनावर घेत नाही. अंटार्क्टिकाला निघालेल्या माणसाला मात्र बॅग भरण्याची सुरुवात तिथूनच करावी लागते.

भारताची पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली. आज ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या दोन तळांवर हिवाळी तुकडी वर्षभर राहते. रसद जहाजानं येते, तीही उन्हाळ्यात. पुढे समुद्र गोठतो. त्यामुळे विसरलेली वस्तू आणायला दुकान नाही. चष्म्याची जादा जोडी, रोजच्या गोळ्यांचा वर्षाचा साठा हवाच. प्रवासाला निघण्याआधीच दुखरी दाढ दाखवून घ्यावी.

कपड्यांत सुती नको. सूत घाम शोषतं, लवकर वाळत नाही आणि ओल अंगातली ऊब खेचते. म्हणून अंगालगत लोकरी किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर उबदार जाकीट आणि सर्वांत वर वारा अडवणारं कवच. थंड हवेत बाष्प फार कमी असतं. तीच हवा खोलीत तापवली की आणखी कोरडी होते. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. मलम भरपूर घ्यावं. उन्हाळ्यात बर्फावरून परतणारं ऊन डोळे भाजून काढतं, म्हणून गडद गॉगल. हिवाळ्यात ‘मैत्री’वर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, त्या काळोखासाठी पुस्तकं, एखादं वाद्य, घरच्यांचे फोटो. ही चैन नव्हे, गरज आहे.

आता पुन्हा त्या कुसळांकडे. २००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे आणि सामान तपासलं, तेव्हा माणशी सरासरी नऊहून अधिक बिया निघाल्या. या बिया तिथे रुजतील, ही भीती कागदावरची नाही. किंग जॉर्ज बेटावरच्या पोलिश तळाजवळ बाहेरून आलेलं ‘पोआ अ‍ॅन्युआ’ हे गवत रुजलं आहे. १९९१ च्या माद्रिद करारानं निर्जंतुक न केलेली माती आणि पॅकिंगचे थर्मोकोलचे मणी अंटार्क्टिकात नेण्यास मनाई केली. म्हणून खिशांचे कोपरे, बॅगेच्या शिवणी, वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमनं साफ कराव्यात, बूट घासून धुवावेत. खोकी, वेष्टनं शक्य तितकी इथेच काढून टाकावीत, कारण तिथला कचरा पुन्हा जहाजानंच परत आणावा लागतो.

सह्याद्रीत ते कुसळ हजारांतलं एक असतं. अंटार्क्टिकाच्या उघड्या खडकावर रुजलं, तर ते पहिलंच ठरू शकतं.