घरापासून आंबा किती लांब लावायचा? भिवंडीतल्या अंगणाचं गणित

पाऊस सुरू झाला की रोपवाटिकांमध्ये गर्दी होते. केशर किंवा हापूसचं गुडघ्याएवढं कलम येतं, अंगणात जिथे जागा रिकामी दिसेल तिथे खड्डा खणला जातो. भिवंडी शहरात आणि आसपासच्या गावांत घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यात अनेकदा पाच-सहा फूटच जागा असते. कलम तिथेच लागतं. तेव्हा काही वाटत नाही, कारण समोर दिसतं ते रोप. झाड दिसायला दहा वर्षं जावी लागतात.

मग नेमकं अंतर किती ठेवायचं?

याचं उत्तर फळबागेच्या हिशोबात सापडतं. कोकणात आंबा, फणस आणि चिकू पारंपरिक पद्धतीने 10 बाय 10 मीटरवर लावतात. नारळ साधारण साडेसात मीटरवर, पेरू, लिंबू आणि कोकम 6 मीटरवर, सीताफळ 5 मीटरवर. दोन झाडांचे पसारे एकमेकांत घुसू नयेत म्हणून हे आकडे ठरले आहेत. म्हणजे त्यातलं निम्मं अंतर हा एका झाडाचा पसारा. आंब्याचा 5 मीटर, पेरूचा 3 मीटर. घराची भिंत किमान या पसाऱ्याच्या बाहेर हवी, वर थोडी मोकळी जागा सोडलेली बरी. म्हणून आंब्याला 6-7 मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. पेरू-लिंबाला दहा-बारा फूट.

ज्यांच्याकडे सहाच फूट आहेत, त्यांच्यासाठी आंबा नाहीच. कढीपत्ता, पपई, केळी किंवा छाटून लहान ठेवलेलं डाळिंब चालेल. नाही म्हणायला आंबाही दरवर्षी काढणीनंतर छाटून बुटका ठेवता येतो आणि घन लागवडीत तो 5 मीटरवर लावतातही. पण ती छाटणी एक वर्ष राहिली, मग दुसरं राहिलं, की झाड छपरावर पोचलेलं असतं.

मुळं खरंच पाया फोडतात का?

लोकांना वाटतं तितकं नाही. मूळ मजबूत काँक्रीटला भोक पाडत नाही. ते ओलाव्याच्या दिशेने वाढतं. म्हणून पहिला बळी जातो तो ड्रेनेजच्या पाइपाचा. सांध्यातून पाणी झिरपत असेल तर केसाएवढं मूळ आत शिरतं, आत जाडजूड होतं आणि पाइप तुंबतो. गावाकडे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा घराच्या मागेच असतो, आणि झाडही तिथेच ‘छान वाढतं’. का वाढतं, ते आता कळलं असेल.

दुसरा धोका मातीचा. काळी चिकणमाती पाण्याने फुगते, सुकली की आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा ओढतं, तेव्हा माती एका बाजूने जास्त आकसते आणि उथळ पायाच्या घराला तिरकी भेग पडते. इंग्लंडमध्ये 1976 च्या दुष्काळात चिकणमातीवरच्या असंख्य घरांना अशाच भेगा पडल्या आणि झाड व पाया यांचं नातं तिथे गांभीर्याने घेतलं जाऊ लागलं. मुरूम किंवा कातळावरच्या घराला ही भीती कमी.

नारळाचं प्रकरण वेगळं आहे. त्याची मुळं दोरीसारखी, फारशी जाड न होणारी. पायाला त्यांचा त्रास कमी, धोका वरून. एक-दीड किलोचं फळ आणि चार-पाच मीटरची झावळी खाली पत्र्यावर पडते, किंवा माणसावर. जुलै 2017 मध्ये चेंबूरमध्ये सकाळी चालायला निघालेल्या महिलेवर नारळाचं झाडच कोसळलं आणि तिचा मृत्यू झाला. ते तोडण्याची परवानगी आधी मागितली गेली होती, ती मिळाली नव्हती, असं तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं होतं.

गंमत म्हणजे भिवंडीतल्या जुन्या इमारतींना सर्वात जास्त त्रास देणारं झाड कुणी लावलेलंच नसतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वडाचं बी ओल धरलेल्या भेगेत पडतं आणि तिथेच रुजतं. इथे मात्र मूळ भेग रुंदावत जातं. सप्टेंबर 2020 मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, तो अपघात झाडामुळे झाला नव्हता. पण जुन्या बांधकामाचं काय होतं हे त्यानंतर या शहराला वेगळं सांगायला नको. भिंतीतलं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढावं. वरून कापलं की ते पुन्हा फुटतं.

नंतर तोडू की, त्यात काय?

अडचण इथेच आहे. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं झाड तोडायचं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. मोठ्या छाटणीआधीही विचारलेलं बरं. ग्रामीण भागात 1964 चा झाडतोडीवरचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही चारही आहेत. झाड कुणाच्या अंगावर पडण्याच्या बेतात असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. जुन्या सीआरपीसीत हेच कलम 133 होतं.

रोप निवडतानाही एक गोष्ट बघा. पिशवीत फार दिवस राहिलेल्या कलमाची मुळं गोल गुंडाळलेली असतात. तसंच लावलं तर झाडाची पकड कच्ची राहते आणि ते वादळात मुळासकट आडवं होऊ शकतं. पिशवी फाडल्यावर ती मुळं मोकळी करा, गुंडाळलेली टोकं कापा. बुंध्याभोवती लाद्या बसवताना किमान मीटरभर माती उघडी सोडा. आणि खड्डा खणण्याआधी एकदा वर बघा, डोक्यावरून विजेची तार जात नाही ना.