वर्सोव्यातला नगरकर

मार्च २०१४ मधली गोष्ट. होळीच्या दिवसांत मुंबईत वर्सोव्याला पाण्याचे फवारे सोडून त्याखाली नाच चालला होता. जवळच राहणारे ६३ वर्षांचे एक गृहस्थ तिथे गेले आणि पाणी असे वाया घालवू नका म्हणाले. त्याबद्दल त्यांना मारहाण झाली. गृहस्थ होते सदाशिव अमरापूरकर. पेपरातली बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आई एवढेच म्हणाली, ''आपल्या नगरचाच ना तो? मग बोलणारच.''

मुंबईकराला या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्याचे लहानपण नगरमध्ये गेले, त्याला ते लगेच कळेल. आमच्याकडे नळ दिवसाआड यायचा. तो आला की हंडे-कळशाच काय, घरातली पातेलीसुद्धा भरून ठेवायची. उरलेले शिळे पाणी तुळशीला. शेवगाव-पाथर्डीकडून येणाऱ्या पाहुण्यांना मात्र आमचे हेही सुख वाटायचे, कारण त्यांच्या गावात उन्हाळा म्हणजे टँकरची वाट पाहणे. पुढे नोकरीसाठी मी दादरला राहायला गेलो. शेजारच्या बाई नळ धो धो सोडून भांडी घासत बसत, आणि मी इकडे उगीचच अस्वस्थ व्हायचो. एकदा तर न राहवून तो नळ बंद करून आलो. बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून विसरलेलो नाही! मुंबईचे हे पाणी येते ते तानसा, वैतरणा, भातसा अशा लांबच्या जलाशयांतून, आणि ज्या शहापूर तालुक्यात यांतली मोठी धरणे आहेत, तिथल्याच कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. मुंबईत राहून हे आठवत राहणे तसे गैरसोयीचेच.

अमरापूरकर नगरचे. मूळ नाव गणेशकुमार नरवोडे. आमच्या शेवगाव तालुक्यात अमरापूर नावाचे गाव आहे. नाटकाचे वेड नगरातच लागले आणि तिथल्या हौशी रंगभूमीवरच ते वाढले. या गावाला नटांचे तसे कौतुक नाही, सवयच आहे म्हणा ना! कृष्णाच्या भूमिकांनी घराघरांत पोचलेले शाहू मोडक इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबातले. अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे मधुकर तोरडमल प्राध्यापकी सोडून मुंबईच्या रंगभूमीवर गेले आणि 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'ने त्यांनी महाराष्ट्राला हसवले.

अमरापूरकरांना मुंबईने उचलले तेही नाटकातूनच. 'हॅण्ड्स अप' मधले त्यांचे काम गोविंद निहलानींनी पाहिले आणि १९८३च्या 'अर्धसत्य'मध्ये त्यांना रामा शेट्टी दिला. त्या काळी हिंदी खलनायक म्हणजे आरडाओरडा, भडक कपडे, मोठे अड्डे. हा माणूस मात्र आवाज न चढवता बोलायचा आणि समोरच्याला घाम फोडायचा. फिल्मफेअर मिळाले. पुढे १९९१च्या 'सडक'मधल्या महाराणीने खलनायकासाठीचे पहिलेवहिले फिल्मफेअर मिळवून दिले. मग तशाच भूमिकांची रांग लागली. त्यांतल्या काही त्यांच्या तोलाच्या नव्हत्या, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावे. बाहेरून आलेल्या नटाला मुंबई काम देते, पण कोणते काम द्यायचे ते तीच ठरवते.

नटाला उरलेल्या वेळेचे काय करायचे, हे मात्र त्याच्या हातात असते. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्याबरोबर त्यांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. हिंदीत नाव झालेला माणूस निधीसाठी गावोगाव नाटक करत फिरतो, याचे तेव्हा आम्हाला फार वाटले नव्हते. नगरमध्ये ते 'तात्या'च होते.

वर्सोव्याची बातमी वाचल्यावर मात्र वाटले. तीस वर्षे पडद्यावर लोकांना धाक घालणाऱ्या माणसाला रस्त्यावर कुणी घाबरले नाही. आणि तीस वर्षे मुंबईत काढूनही त्याला वाहत्या पाण्याकडे पाठ फिरवून घरी जाता आले नाही. आमच्या ओळखीचे एक मुंबईकर गृहस्थ म्हणाले, ''कशाला मध्ये पडायचे? सोसायटीने पाण्याचे पैसे भरलेले असतात.'' मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत अमरापूरकर गेले. पार्थिव नगरला आणले गेले आणि दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार तिथेच झाले. आईने टीव्हीवर बातमी पाहिली, बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून स्वयंपाकघरात गेली. नळ यायची वेळ झाली होती.